गोव्यातलं अर्थशास्त्रीय संशोधन जगाच्या यादीत कसं घालायचं

गोव्यात अर्थशास्त्रावर काम करणारे काही कमी नाहीत. एम.ए.चे प्रबंध, पीएच.डी., चर्चासत्रांतले निबंध, एखाद्या प्राध्यापकाने मे महिन्याच्या सुट्टीत केलेली गावपाहणी असं बरंच काही होत असतं. खाणी बंद पडल्यावर ट्रकमालकांनी कर्जं कशी फेडली, खाजनाचे बांध आता कोण दुरुस्त करतं, शॅकवरच्या कामगाराचं पावसाळ्यात काय होतं, हे त्यातले विषय. (खाजन म्हणजे खारं पाणी अडवायला बांध घालून राखलेली सखल जमीन.) पेरूतल्या किंवा इंडोनेशियातल्या खाणगावांवर अभ्यास करणाऱ्याला यातलं कितीतरी उपयोगाचं आहे. पण प्रबंध सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगमध्ये कपाटात असतो, आणि निबंध अशा एका आयएसबीएनवाल्या संग्रहात, ज्याच्या प्रती चर्चासत्राच्या दिवशीच वाटून संपल्या.

हे काम बाहेर आणायला पैसा लागत नाही. पीडीएफ, ईमेल, इंग्रजी गोषवारा आणि थोडा निवांत वेळ एवढ्यावर भागतं. फाइल चढवणं हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग. लेखाची नोंद, म्हणजे शीर्षक, लेखक, गोषवारा, मुख्य शब्द वगैरे माहिती, कशी लिहिली यावर तो कुणाला सापडणार की नाही हे ठरतं, म्हणून खाली जास्त जागा नोंदीलाच दिली आहे.

आधी रीपेक समजून घ्या

अर्थशास्त्रात खुल्या देवाणघेवाणीचा कणा म्हणजे रीपेक (रिसर्च पेपर्स इन इकॉनॉमिक्स), अर्थशास्त्रीय लेखांची जागतिक यादी. थॉमस क्रिकेल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या नेटइक या प्रकल्पातून ते वाढलं आणि १९९७ पासून रीपेक या नावाने चालतं. मागे कंपनी नाही, वर्गणी नाही. काम बहुतेक स्वयंसेवकांचं. जगभरातल्या दोन हजारांहून अधिक संस्था आणि प्रकाशक आपापल्या लेखांच्या नोंदी त्यात पुरवतात आणि एकूण नोंदी चाळीस लाखांच्या पुढे गेल्या आहेत.

लोकांचा गोंधळ होतो तो इथे. रीपेक स्वतः लेख साठवत नाही, ते फक्त नोंदी गोळा करतं. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातली तालिका पुस्तक कुठल्या मजल्यावर आहे ते सांगते, पुस्तक तिच्या पोटात नसतं. तसंच हे. त्यामुळे "रीपेकवर लेख अपलोड करायचा आहे" असं कुणी म्हणालं की त्याला विचारावं लागतं, ठेवणार कुठे?

या नोंदी वाचायच्या खिडक्या मात्र अनेक आहेत. आयडियाज ही सर्वांत वापरातली. ती अमेरिकेतल्या सेंट लुईस फेडरल रिझर्व्ह बँकेच्या सर्व्हरवर चालते. इकॉनपेपर्स स्वीडनमधल्या ओरेब्रो विद्यापीठात आहे. दोन्हींत माहिती तीच, मांडणी वेगळी. मला आयडियाज सोयीची वाटते, कारण लेखाच्या पानावरच त्याने कुणाचे संदर्भ घेतले आणि त्याचा संदर्भ पुढे कुणी घेतला, दोन्ही याद्या दिसतात.

लिहिण्याआधी इथे शोध घ्यायची सवय लावा. नुसतं गोवा टाकून थांबू नका. आपल्या गावांची इंग्रजी स्पेलिंगं दोन-दोन, तीन-तीन आहेत. पणजी पंजिम म्हणूनही लिहितात, साखळी पोर्तुगीज वळणाने सांकेलिम होते, डिचोली बिचोलिम. १९६१ पूर्वीचं काही हवं असेल तर पोर्तुगीज इंडिया म्हणूनही शोधा. जे सापडेल त्याचे विषयसंकेत, म्हणजे लेखाचा विषय सांगणाऱ्या ठरावीक अक्षर-अंकी खुणा, टिपून ठेवा. पुढे लागणार आहेत.

ठेवायचं कुठे

एकट्यादुकट्या संशोधकासाठी माझं पहिलं उत्तर एमपीआरए, म्हणजे म्युनिक पर्सनल रीपेक आर्काइव्ह. २००६ मध्ये सुरू झालं, म्युनिक विद्यापीठाचं ग्रंथालय ते सांभाळतं. ज्यांच्या संस्थेची रीपेकमध्ये कार्यपत्रांची, म्हणजे नियतकालिकात छापण्याआधी खुल्या केलेल्या लेखांची, स्वतःची मालिका नाही अशांसाठीच ते काढलेलं आहे, म्हणजे गोव्यातल्या बहुतेक महाविद्यालयीन शिक्षकांसाठी. इथे ठेवलेला लेख आपोआप रीपेकमध्ये जातो.

शेती, मासेमारी, पाणी, ग्रामीण बाजार असा विषय असेल तर मिनेसोटा विद्यापीठाचं एजइकॉन सर्च पाहाच. १९९५ पासून चालू आहे आणि इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्सचे जुने अंकसुद्धा तिथे मोफत वाचायला मिळतात. काजू, नारळ, खाजन यांवर काम करणाऱ्याला हा खजिना आहे. त्याच्याही नोंदी रीपेकमध्ये येतात.

एसएसआरएन सर्वांना नावाने माहीत असतं. १९९४ मध्ये निघालं, २०१६ मध्ये एल्सव्हिअरने विकत घेतलं. वित्त, व्यवस्थापन, कायदा या बाजूचे वाचक तिथे जास्त, त्यामुळे कॅसिनो-कर किंवा बँकिंगवर लिहिणाऱ्याने जरूर वापरावं. पण तिथला लेख रीपेकमध्ये आपोआप येत नाही, आणि मालकी एका मोठ्या प्रकाशन कंपनीची आहे हेही विसरू नये. arXiv (उच्चार आर्काइव्ह) या वेगळ्या खुल्या ठेवीत अर्थशास्त्राचा विभाग २०१७ पासून आहे. गणिती, अर्थमितीय काम असेल तर तिथे जावं, पण पहिल्यांदा टाकणाऱ्याला तिथल्या जुन्या लेखकाची शिफारस लागू शकते. जर्मनीतलं इकॉनस्टोर प्रामुख्याने संस्थांच्या मालिकांसाठी. आकडेवारीच्या फाइली, प्रश्नावली, संगणकीय आज्ञावली ठेवायला झेनोडो उत्तम. ते सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था चालवते आणि प्रत्येक ठेवीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो.

पीएच.डी. झाली असेल तर प्रबंध बहुधा शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या खुल्या संग्रहात, असेलच. तो तिथे राहू द्या. पण चारशे पानांचा प्रबंध कुणी चाळत नाही. त्यातल्या एका प्रकरणाचा पंचवीस पानांचा स्वतंत्र लेख करून एमपीआरएवर ठेवा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न हाच येतो. यातल्या कुठल्याही ठिकाणी लेख ठेवल्याने तो समीक्षित, म्हणजे जाणकारांनी तपासून छापलेलं, प्रकाशन ठरत नाही. बढतीच्या गुणांसाठी हा मार्ग नाही. मात्र पैसे घेऊन आठवड्याभरात छापणाऱ्या नियतकालिकापेक्षा कार्यपत्र म्हणून उघडपणे ठेवलेला लेख मला शंभर पटींनी प्रामाणिक वाटतो. लेख इथे ठेवून नंतर चांगल्या नियतकालिकाकडे पाठवणं ही अर्थशास्त्रातली रुळलेली रीत आहे.

हक्क तपासा

लेख अजून कुठेही छापलेला नसेल तर प्रश्न सहलेखकांच्या संमतीचाच. ती ईमेलवर लेखी घ्या. छापलेला असेल तर प्रकाशकाचा नियम बघावा लागतो. शेर्पा रोमिओ नावाने प्रसिद्ध असलेली सेवा, जी आता ओपन पॉलिसी फाइंडर या नावाने चालते, तिथे नियतकालिकाचं नाव टाकलं की कोणती आवृत्ती कधी खुली करता येईल ते कळतं. साधारणपणे समीक्षेआधीचा मसुदा ठेवायला हरकत नसते. स्वीकारलेली पण प्रकाशकाने मांडणी न केलेली आवृत्ती बरेचदा १२ ते २४ महिन्यांनी ठेवता येते. प्रकाशकाची सुबक पीडीएफ सहसा नाहीच.

गाव लहान, माणूस ओळखू येतो

पुढचं ऐकायला थोडं कंटाळवाणं, पण गोव्यासाठी फार महत्त्वाचं. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. तालुके बारा. इथे नाव काढून टाकलं म्हणजे ओळख लपली, असं होत नाही. "कुटबण जेटीवरचा, चार ट्रॉलर असलेला, पंचावन्न वर्षांचा मालक" असं लेखात लिहिलं तर सासष्टीतला कुणीही चहा पिता पिता नाव सांगेल. डिचोलीतल्या एखाद्या वाड्यावर कर्ज बुडवलेले तीनच ट्रकमालक असतील तर तक्त्यातला "३" हा आकडाच त्यांचं नाव असतो.

खुल्या ठेवीत टाकण्याआधी लेख या नजरेने एकदा वाचून काढा. गावाऐवजी तालुका, शक्यतो "उत्तरेकडचा खाणपट्टा" असा मोठा भाग लिहा. वय दहा-दहा वर्षांच्या गटांत. तक्त्यातल्या एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं असतील तर शेजारच्या गटात मिसळा. मुलाखतीतलं थेट अवतरण द्यायचं तर त्यात बोलणाऱ्याची बोट, मंदिर, चर्च, शाळा येत नाही ना ते बघा. कच्च्या आकडेवारीची फाइल ठेवणार असाल तर मोबाइल क्रमांक, घर क्रमांक आणि जीपीएसचे रकाने पूर्ण काढून टाका, नुसते लपवू नका. एक्सेलमधला लपवलेला रकाना दोन क्लिकांत उघडतो.

खुल्या जागी गेलेलं परत गोळा करता येत नाही. तुम्ही त्या ठेवीतून लेख काढायला लावला तरी शोधयंत्रांनी आणि वाचकांनी प्रती घेऊन ठेवलेल्या असतात.

पीडीएफ

वर्डमधून थेट पीडीएफ बनवा. छापून, सही करून, झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन केलेली नको. स्कॅन म्हणजे चित्र, आणि चित्रातले संदर्भ यंत्राला वाचता येत नाहीत. रीपेकची साइटेक ही सेवा लेखांतली संदर्भसूची यंत्राने वाचून कोण कुणाचा संदर्भ घेतं ते जुळवते. सूची वाचता आली नाही तर तुमच्या लेखातून कुणाकडेही धागा जात नाही.

मराठी किंवा कोकणी मजकूर असेल तर तो युनिकोडमध्येच हवा. जुन्या श्रीलिपी फाँटमधली पीडीएफ दिसायला छान, पण आतून नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो.

पहिल्या पानावर शीर्षक, लेखकांची नावं, संस्था, महिना-वर्ष, इंग्रजी गोषवारा, मुख्य शब्द, विषयसंकेत. त्याखाली मराठीत दहा-बारा ओळींचा सारांश द्या, असा माझा आग्रह असतो. ज्या पंचायतीत तुम्ही प्रश्नावली घेऊन हिंडलात तिथल्या सचिवाला किंवा पंचाला लिंक पाठवली तर त्याने काय वाचावं?

नोंद लिहिणं, म्हणजे अर्धं काम

शीर्षकापासून सुरुवात. "अ स्टडी ऑफ…" हे शब्द काढून टाका, त्यांनी काहीच सांगितलं जात नाही. समजा तुमचा अभ्यास खाणबंदीनंतरच्या वाहतूक-कर्जांवर आहे. शीर्षकात तीन गोष्टी याव्यात: घटना, परिणाम, जागा. "खाणबंदी आणि ट्रकमालकांची कर्जफेड: गोव्याच्या खाणपट्ट्यातला पुरावा" अशा धर्तीचं इंग्रजी शीर्षक पुरे.

गोषवारा दीडशे ते दोनशे शब्दांचा. पहिल्याच वाक्यात बाहेरच्या माणसाला लागणारी पार्श्वभूमी: फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणींच्या भाडेपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून उत्खनन थांबलं. हे आपल्याला इतकं पाठ असतं की आपण लिहीतच नाही, आणि लिमामधल्या वाचकाला काहीच कळत नाही. मग किती घरं, कोणत्या काळात, कशी निवडली, पद्धत कोणती. त्यानंतर निष्कर्ष, आणि तोही आकड्यासकट. "महत्त्वपूर्ण परिणाम आढळला" याला निष्कर्ष म्हणत नाहीत. मर्यादा असेल तर एका वाक्यात लिहा. "शासनाने योग्य ती पावलं उचलावीत" हे वाक्य तर बिनदिक्कत खोडा.

मुख्य शब्दांत स्थानिक शब्द आणि त्याचं जगात चालणारं रूप दोन्ही द्या. खाजन लिहा आणि किनारी पाणथळ जमीन, खारफुटी, सामुदायिक मालमत्ता हेही लिहा. रापण लिहा, सोबत पारंपरिक मासेमारी. कोमुनिदाद (गावाची सामूहिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) लिहा, गावकारी लिहा, आणि भू-धारणा. गावांच्या दोन्ही स्पेलिंगांची सोय इथेच होते.

आता जेईएल संकेत. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची ही विषयवारी आहे: एक इंग्रजी अक्षर आणि दोन अंक. अनेक वाचक या संकेतांवरूनच शोधतात, म्हणून घाईत काहीतरी निवडू नका. गोव्यातल्या विषयांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. खाणीवरच्या लेखाला एल ७१ लावतात, पण तो तेल-वायू-कोळशासारख्या इंधनांचा संकेत आहे. लोहखनिजाला एल ७२. त्याच्या जोडीला क्यू ३२, म्हणजे संपणारी संसाधनं आणि विकास. मासेमारी क्यू २२. जमीनमालकी, कूळकायदा, खाजन, कोमुनिदाद यांना क्यू १५. पर्यटनासाठी पूर्वी एल ८३ वरच भागवावं लागे आणि कॅसिनोसाठी तो अजूनही बरोबर आहे. पण आता पर्यटनाला झेड ३ हा स्वतंत्र गट आहे आणि पर्यटन-विकास संबंधासाठी त्यात झेड ३२. आखातातून किंवा इंग्लंडमधून येणाऱ्या पैशाला एफ २४, परदेशी स्थलांतराला एफ २२. राज्याच्या करांना एच ७१. बचत गट, सूक्ष्मकर्जं जी २१. पोर्तुगीज काळातली शेती-जमीन असेल तर एन ५५. तीन-चार संकेत पुरेत. दहा लावले की लेख सगळीकडे दिसतो आणि कुणाचाच राहत नाही.

प्रत्यक्ष चढवणं

एमपीआरएच्या संकेतस्थळावर खातं उघडा, ईमेलवर आलेल्या दुव्याने ते पक्कं करा, नवीन नोंद सुरू करा, पीडीएफ जोडा. मग शीर्षक, लेखक, गोषवारा, मुख्य शब्द, संकेत, भाषा, तारीख हे रकाने. सगळं आधीच एका वर्ड फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असेल तर चहा निवण्याआधी काम होतं. वर्डमधून चिकटवताना ओळी मध्येच तुटतात आणि अवतरणचिन्हं बिघडतात, तेवढं सारखं करा. शेवटी जमा करा हे बटण दाबायचं राहून गेलं तर लेख तुमच्या खात्यातच पडून राहतो. संपादकांच्या नजरेखालून गेला की त्याला क्रमांक मिळतो. संपादक गुणवत्तेची समीक्षा करत नाहीत, लेख अर्थशास्त्राचा आणि शैक्षणिक स्वरूपाचा आहे का एवढं पाहतात.

काही दिवसांनी आयडियाजवर आपलं शीर्षक शोधा. नोंद दिसली की गोषवारा नीट आला का आणि पीडीएफचा दुवा उघडतो का ते बघा. लेख पुढे सुधारलात तर वेगळी नवी नोंद करू नका, जुन्या नोंदीचीच नवी आवृत्ती म्हणून चढवा. नाहीतर वाचक जुनाच मसुदा उद्धृत करत बसतात.

लेखक म्हणून नाव नोंदवा

लेख गेला म्हणून तो तुमच्या नावावर लागला असं समजू नका. रीपेक ऑथर सर्व्हिसमध्ये स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि नेमकं हेच काम राहून जातं. इथे नावाची सगळी रूपं द्यायची. गोव्यात हा प्रश्न मोठा. देसाई एका एसने की दोन, नायक आयने की वायने, कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नुसती आद्याक्षरं, लग्नाआधीचं आडनाव वेगळं. छापून आलेली प्रत्येक तऱ्हा यादीत घाला. मग यंत्रणा त्या नावांशी जुळणारे लेख समोर ठेवते. आपले असतील ते स्वीकारा, नसतील ते नाकारा. नाईक-देसाई-फर्नांडिस या आडनावांचे लेखक जगात पुष्कळ, म्हणून डोळे मिटून सगळं स्वीकारू नका.

त्यानंतर संस्था निवडायची. ती यादी एडिर्क या निर्देशिकेतून येते. तुमचं महाविद्यालय त्यात नसेल तर ते घालण्यासाठी कळवता येतं, फुकट आहे. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा जागतिक ओळखक्रमांक असेल तर तोही जोडा. पुढे दर महिन्याला ईमेल येतो: किती जणांनी गोषवारा पाहिला, किती जणांनी लेख उतरवून घेतला, नवे संदर्भ कोणते. क्रमवाऱ्याही असतात. त्यांच्याकडे मी फारसं बघत नाही, पण संदर्भांची यादी जरूर बघावी. आपल्यासारखंच काम जगात आणखी कोण करतं ते तिथून कळतं, आणि त्याला सरळ ईमेल पाठवता येतो.

वाचक म्हणून रीपेकच्या एनईपी (न्यू इकॉनॉमिक्स पेपर्स) या सेवेची वर्गणी घ्या, तीही मोफत. नव्या कार्यपत्रांची विषयवार यादी ईमेलने येते. पर्यटन, शेती, पर्यावरण, स्थलांतर, आर्थिक इतिहास असे शंभराच्या आसपास विषय आहेत आणि प्रत्येकाला स्वयंसेवक संपादक आहे. एकदोनच निवडा. सगळे घेतले तर आठवड्याभरात न वाचता पुसायला लागाल.

विभागाची स्वतःची मालिका

मुंबईतल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेची आणि तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजची कार्यपत्रं रीपेकमध्ये संस्थेच्या नावाने दिसतात. गोव्यातल्या एखाद्या विभागालाही हे जमण्यासारखं आहे, अट एकच, वर्षाला पाचसहा लेख सातत्याने निघायला हवेत. तेवढे नसतील तर एमपीआरए बरं. दोन लेखांवर थांबलेली मालिका विभागाची शोभा करते.

करायचं असं: रीपेककडे तीन अक्षरी संस्था-संकेत मागायचा. मग महाविद्यालयाच्या सर्व्हरवर एका उघड्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइली ठेवायच्या. एक संस्थेची, एक मालिकेची, आणि लेखांच्या नोंदींची. नोंदीचा साचा रेडिफ म्हणून ओळखला जातो आणि त्याचे नमुने रीपेकवरच आहेत. पहिली ओळ साच्याच्या प्रकाराची, मग लेखक, शीर्षक, गोषवारा, तारीख, संकेत, पीडीएफचा पत्ता, शेवटी हँडल, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळखक्रमांक. रीपेकचं यंत्र ठरावीक वेळाने येऊन ही फाइल वाचून जातं. फाइल नोटपॅडमध्ये लिहा, यूटीएफ-८ मध्ये साठवा. वर्डमध्ये नको.

हँडल एकदा दिलं की बदलायचं नाही, लेखाचं शीर्षक बदललं तरी. आणि महाविद्यालयाचं संकेतस्थळ सांभाळणारा कंत्राटदार बदलतो तेव्हा जुने पत्ते तुटतात आणि मालिकेतल्या सगळ्या पीडीएफ एका रात्रीत गायब होतात. म्हणून नव्या कंत्राटात त्या फोल्डरचा पत्ता जसाच्या तसा राहील ही अट लेखी घाला, आणि सर्व्हरचा पासवर्ड विभागात किमान दोन कायमस्वरूपी शिक्षकांकडे असू द्या.